टाउनने जमीन विकत घेऊन मोकळी राखायची तर: मॅसॅच्युसेट्समधल्या नव्या रहिवाशांसाठी

मॅसॅच्युसेट्सच्या उपनगरात घर घेतलं की वर्षा-दोन वर्षांत हा विषय कानावर येतोच. घरामागच्या रानातल्या झाडांना एके दिवशी मोजणीवाल्यांच्या गुलाबी फिती बांधलेल्या दिसतात, आठवड्याभराने शेजारी सांगतात की तिथे घरं होणार आहेत, आणि मग सगळे एकच विचारतात: ही जमीन टाउनने का नाही घेतली?

टाउन जमीन घेऊ शकतं, आणि या राज्यात अनेक टाउन्स ती सातत्याने घेत आली आहेत. निर्णय घेणारी माणसंही तुमच्या-आमच्यासारखी रहिवासीच असतात, संध्याकाळी नोकरीवरून येऊन कमिटीच्या बैठकीला बसणारी. पण फिती बांधल्या गेल्या की बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. तहान लागल्यावर विहीर खणायची सवय इथे फार महाग पडते. म्हणून हे काम पहिल्या पायरीपासून कसं चालतं ते इथे सांगते. खर्चाला मंजुरी देते ती टाउन मीटिंग, म्हणजे टाउनच्या मतदारांची सभा. तुमच्या गावात ‘सिटी’ची रचना असेल तर तिच्या जागी सिटी कौन्सिल धरा, बाकीचं बरंचसं तेच आहे.

आधी कोण कोण आहे ते ओळखा

सगळ्यात जवळची संस्था म्हणजे कॉन्झर्वेशन कमिशन. १९५७ साली मॅसॅच्युसेट्सने देशात पहिल्यांदा असा कायदा केला, की गावाला नैसर्गिक जमिनी राखण्यासाठी स्वतःचं कमिशन नेमता यावं. पाणथळ जागांच्या परवानग्या हेच कमिशन देतं आणि संवर्धनासाठी घेतलेल्या जमिनीही त्याच्याच ताब्यात असतात. त्याच्या जोडीला बऱ्याच गावांत ओपन स्पेस कमिटी असते. पैशांचा एक मोठा भाग कम्युनिटी प्रिझर्वेशन कमिटीकडून येतो, कारभार सिलेक्ट बोर्डाकडे असतो, आणि खर्च परवडतो का यावर फायनान्स कमिटी मत देते. शेवटचा शब्द टाउन मीटिंगचा.

या सगळ्यांच्या बैठका लोकांना खुल्या असतात आणि त्यांची सूचना शनिवार, रविवार आणि सुट्ट्या वगळून ४८ तास आधी लावावी लागते. एक अपवाद लक्षात ठेवा. जमिनीच्या किमतीची बोलणी उघड केल्याने गावाचं नुकसान होणार असेल, तर कमिटी बंद दाराआड चर्चा करू शकते. त्यात काही काळंबेरं आहे असं समजू नका. आपण किती द्यायला तयार आहोत हे समोरच्याला आधीच कळलं, तर बोलणी संपलीच.

मतदानाचा हक्क फक्त अमेरिकी नागरिक असलेल्या नोंदणीकृत मतदारांना आहे. आपल्यातले बरेच जण व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर असतात आणि ‘आपलं तिथे काय काम’ म्हणून घरी बसतात. असं करू नका. टाउन मीटिंगला नागरिक नसलेल्यांना वेगळ्या जागी बसता येतं आणि सभेच्या परवानगीने बोलताही येतं. कमिट्यांच्या जनसुनावणीत तर कुणीही बोलू शकतं. पत्र लिहिणं, जमिनीची पाहणी करायला बरोबर जाणं, पायवाटा साफ करणं, यांपैकी कशालाच पासपोर्ट लागत नाही.

दुसरी पायरी: नकाशा आणि गावाचा आराखडा

गावाच्या वेबसाइटवर ओपन स्पेस अँड रिक्रिएशन प्लॅन शोधा. कुठल्या जमिनी राखलेल्या आहेत, कुठल्या राखायच्या आहेत आणि का, हे त्यात लिहिलेलं असतं. राज्य सरकारकडून जमीन खरेदीचं अनुदान मागायचं तर हा आराखडा मंजूर आणि चालू मुदतीतला असावा लागतो. तुमच्या गावाच्या आराखड्याची मुदत संपली असेल, तर नव्या माणसाने हातात घ्यावं असं यासारखं दुसरं काम नाही. ते कंटाळवाणं आहे, पण त्याच्यावाचून पुढचं सगळं अडतं.

मग राज्याचा मासमॅपर हा फुकटचा ऑनलाइन नकाशा उघडा. जमिनींच्या हद्दी, पाणथळ जागा, पूररेषा, पिण्याच्या विहिरींची संरक्षित क्षेत्रं, दुर्मीळ प्रजातींचे अधिवास, असे थर एकावर एक टाकून पाहता येतात. तासभर त्यात घालवलात तर गावाकडे बघायची नजर बदलते. राखलेल्या जागा बऱ्याचदा एक ना धड भाराभर चिंध्या अशा विखुरलेल्या दिसतात. दोन मोठ्या तुकड्यांच्या मधली चार एकरांची साधी दिसणारी पट्टी मग एकदम मोलाची वाटू लागते. तीच उद्याची ग्रीनवे: ओढ्याकाठची किंवा रानातली सलग पट्टी, जिच्यातून माणूसही जाईल आणि प्राणीही.

सलग पट्टीची कल्पना इथे जुनी आहे. बॉस्टनभोवती बागा आणि रानांचं मोठं कडं असावं असा बे सर्किटचा विचार १९२९ साली मांडला गेला. आज त्याची सुमारे २३० मैलांची पायवाट गावागावांतून जाते, आणि ती जोडली गेली ती प्रत्येक गावाने आपापला तुकडा मिळवला म्हणून.

तिसरी पायरी: मालकाशी ओळख

माझ्या मते खरं काम हेच आहे. बाकी सगळं कागदावरचं.

जमीन कुणाची आहे ते असेसरच्या, म्हणजे मालमत्ता कराची आकारणी करणाऱ्या कार्यालयाच्या, नोंदीत सापडतं. इथे सातबारा नसतो. मालकीचा पुरावा म्हणजे रजिस्ट्री ऑफ डीड्समध्ये नोंदवलेलं खरेदीखत, आणि तेही ऑनलाइन वाचता येतं. ही खतं एकदा तरी वाचून पाहा. ‘दगडी कुंपणाच्या कोपऱ्यापासून पूर्वेकडे अमुक रॉड, तिथून दगडांच्या राशीपर्यंत, मग जुन्या ओकपर्यंत’ अशी हद्द लिहिलेली असते. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट. ओक कधीच पडलेला असतो, पण शेवाळलेलं दगडी कुंपण अजून रानातून सरळ गेलेलं दिसतं, कारण एके काळी ते रान नव्हतंच, मेंढ्यांचं कुरण होतं.

जमिनीचा मालक बहुधा वयस्कर असतो. आजोबांपासून चालत आलेली शेती, मुलं दुसऱ्या राज्यांत, कर भरणं जड होत चाललेलं. अशा माणसाला पहिल्याच भेटीत ‘विकणार का’ असं विचारू नये. कमिशनच्या एखाद्या जुन्या सदस्याबरोबर जा, जमीन दाखवायची विनंती करा आणि ऐका. आपल्या पश्चात या जमिनीचं काय व्हावं याबद्दल त्या घरात पुष्कळ बोलणं झालेलं असतं, फक्त बाहेरच्या कुणी विचारलेलं नसतं. गावाकडे कुठले पर्याय आहेत एवढं त्यांना माहीत असावं, इतकंच आधी साधायचं. निर्णय पाच वर्षांनी झाला तरी फोन आपल्याला येतो.

पर्यायही बरेच आहेत. सगळी जमीन विकायलाच हवी असं नाही. मालकाने जमीन स्वतःकडे ठेवून फक्त बांधकामाचा हक्क कायमचा सोडून दिला, तर त्याला कॉन्झर्वेशन रिस्ट्रिक्शन म्हणतात. ते राज्याच्या मंजुरीने खतासारखं नोंदवलं जातं आणि पुढच्या प्रत्येक मालकाला लागू राहतं. शेतजमिनीसाठी याच धर्तीची वेगळी राज्य योजना आहे, तिच्यात राज्य त्या हक्काचे पैसे देतं. जमीन दान करणाऱ्याला राज्याच्या आयकरात ७५,००० डॉलरपर्यंत सवलत मिळू शकते. रस्त्याकडेचे दोन-तीन प्लॉट घरांसाठी विकून मागची तीस एकर गावाला देणं हा मधला मार्गही चांगला चालतो. ग्रीनवेसाठी तर कधी कधी दहा-पंधरा फूट रुंदीचा जाण्या-येण्याचा हक्क पुरतो. ‘माझ्या जमिनीत कुणी पडलं तर?’ ही मालकाची भीती रास्त असते. त्यावर उत्तर असं, की लोकांना फुकट फिरू देणाऱ्या मालकाला राज्याचा कायदा साध्या निष्काळजीपणाच्या दाव्यांपासून संरक्षण देतो.

चौथी पायरी: ते १२० दिवस

आता या राज्यातली सगळ्यात महत्त्वाची तरतूद. रान, शेती किंवा मनोरंजनासाठी राखलेली जमीन मालक राज्याच्या कायद्यातल्या ‘चॅप्टर ६१’, ‘६१-ए’ किंवा ‘६१-बी’ या प्रकरणांखाली नोंदवू शकतो. त्याला मालमत्ता कर बराच कमी बसतो. बदल्यात ती जमीन दुसऱ्या वापरासाठी विकायची ठरली, तर गावाला पहिला हक्क मिळतो. बिल्डरने दिलेल्या खऱ्या देकाराइतकीच रक्कम देऊन गाव ती घेऊ शकतं. मुदत १२० दिवस.

१२० दिवस ऐकायला भरपूर वाटतात. हिशेब करून पाहा. नोटिशीत देकाराची प्रत आणि बाकीचे तपशील आहेत का हे गावाच्या वकिलाने लगेच तपासायचं असतं, कारण नोटीस अपुरी असेल तर गावाने तसं ३० दिवसांत कळवावं लागतं. मग मूल्यांकन करणारा नेमायचा, त्यात महिना-दीड महिना जातो. निधीसाठी कम्युनिटी प्रिझर्वेशन कमिटीची सुनावणी. सिलेक्ट बोर्डाची सुनावणी. विशेष टाउन मीटिंग बोलवायची तर वॉरंट, म्हणजे विषयपत्रिका, किमान १४ दिवस आधी लावायची, आणि ती छापून तयार करायला त्याआधीचे काही आठवडे. ज्या गावाने ही जमीन आधीच यादीत घेतली आहे, मालकाशी ज्याची ओळख आहे आणि निधीत ज्याची थोडी शिल्लक आहे, तेच गाव हे पार पाडतं. बाकीच्यांचे १२० दिवस बैठकांच्या तारखा जुळवण्यात संपतात.

गाव हा हक्क एखाद्या संवर्धन संस्थेलाही देऊ शकतं, आणि वेळ कमी असेल तेव्हा तेच शहाणपणाचं. लँड ट्रस्ट आज जमीन घेतो, पुढच्या टाउन मीटिंगला मंजुरी मिळाली की गाव ती त्याच्याकडून घेतं. या कामात राज्याचा अनुभव मोठा आहे. ‘ट्रस्टीज ऑफ रिझर्वेशन्स’ ही संस्था १८९१ सालची, आणि सडबरी व्हॅली ट्रस्टीज १९५३ पासून बॉस्टनच्या पश्चिमेकडच्या मेट्रोवेस्ट भागात काम करते आहे.

दोन गोष्टी गृहीत धरू नका. जमीन त्याच वापरासाठी विकली जात असेल तर गावाचा हक्क लागू होत नाही, आणि मालक मुलासाठी किंवा भावासाठी घर बांधत असेल तरीही नाही. मधल्या ओढ्याला पाणी आहे म्हणून तिथे कुणी बांधणारच नाही, असंही समजू नका. कोरडा भाग शोधून बांधतात.

पाचवी पायरी: पैसे

कम्युनिटी प्रिझर्वेशन ॲक्ट २००० साली आला. गावाने मतदानाने तो स्वीकारला तर मालमत्ता करावर ३ टक्क्यांपर्यंत अधिभार लावता येतो. हा मालमत्तेच्या किमतीवर नसून कराच्या रकमेवर असतो, हे शेजाऱ्यांना आवर्जून सांगा, कारण इथेच गैरसमज होतो. शिवाय राज्याच्या निधीतून दरवर्षी काही भर पडते. तिचं प्रमाण बदलतं. जमलेल्या पैशांतले किमान १० टक्के मोकळ्या जागांसाठी, १० टक्के ऐतिहासिक वारशासाठी आणि १० टक्के परवडणाऱ्या घरांसाठी ठेवावे लागतात. उरलेल्याचं गाव ठरवतं. टाउन मीटिंग कमिटीच्या शिफारशीतली रक्कम कमी करू शकते, नाकारू शकते, वाढवू शकत नाही. आणि या पैशातून मूल्यांकनापेक्षा जास्त किंमत देता येत नाही. मालक अडून बसला तर वरचा फरक वर्गणीतून उभा करावा लागतो.

राज्याचं ‘लँड’ अनुदान कॉन्झर्वेशन कमिशनच्या खरेदीसाठी आहे. हे पैसे नंतर परत मिळतात. आधी गावाने पूर्ण रक्कम मंजूर करून खरेदी करायची. म्हणून वॉरंटमध्ये मोठा आकडा दिसतो आणि लोक दचकतात. परत किती येणार, हे सादरीकरणाच्या पहिल्याच पानावर सांगा. या अनुदानाची अट अशी की जमीन सगळ्यांना खुली हवी, फक्त गावकऱ्यांना नाही. मला ही अट मनापासून पटते.

कर्ज काढायचं तर टाउन मीटिंगमध्ये दोन-तृतीयांश मतं लागतात. कराची वाढ अडीच टक्क्यांवर रोखणाऱ्या १९८० च्या कायद्याबाहेर ते कर्ज ठेवायचं असेल, तर त्यावर मतपेटीतही बहुमत हवं. बेटांवरचा मार्ग निराळा आहे. नॅनटकेटने १९८३ मध्ये आणि मार्थाज व्हिनयार्डने १९८६ मध्ये लँड बँका काढल्या. तिथे घर-जमीन घेणारा २ टक्के शुल्क भरतो आणि त्यातून जमिनी राखल्या जातात.

सहावी पायरी: घेण्याआधी जमीन पारखा

मोजणी, मालकीहक्काचा शोध आणि दूषिततेची तपासणी, या तिन्ही गोष्टी हव्याच. तिसरीबद्दल थोडं अधिक. इथल्या जुन्या सफरचंदाच्या बागांत विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात लेड आर्सेनेट फवारायचे. म्हणजे शिसं आणि आर्सेनिक. दोन्ही मातीच्या वरच्या थरात अजून तशीच असतात, कारण ती कुजत नाहीत. बाग घेणार असाल तर मातीची तपासणी आधी करा, विशेषतः तिथे मुलांचं मैदान किंवा सामुदायिक भाजीचे वाफे करायचे असतील तर. फिरण्याच्या वाटेसाठी तीच जमीन चालू शकते, पण ते तपासणीनंतर ठरवायचं.

वसंतात, बर्फ वितळल्यावर, रानातल्या खळग्यांत साठलेलं पाणीही पाहून या. उन्हाळ्यात आटणाऱ्या अशा डबक्यांत मासे नसतात, म्हणून वुड फ्रॉग हे रानबेडूक आणि पिवळ्या ठिपक्यांची सॅलॅमँडर (सरड्यासारखे दिसणारे उभयचर) तिथेच अंडी घालतात. अंड्यांचे फोटो आणि जागेची नोंद राज्याकडे पाठवून अशा डबक्याची अधिकृत नोंद करता येते. हे काम शाळकरी मुलंही करू शकतात. मुलांना रबरी बूट घालून एप्रिलच्या थंड पाण्यात उभं करा. जमीन का राखायची, हे त्यांना पुन्हा सांगावं लागणार नाही.

सातवी पायरी: टाउन मीटिंग

वार्षिक सभेच्या वॉरंटमध्ये विषय घालायला दहा नोंदणीकृत मतदारांच्या सह्या पुरतात. पण जमीन खरेदीसारखा विषय सिलेक्ट बोर्ड आणि फायनान्स कमिटीला बरोबर घेऊनच आणावा. फायनान्स कमिटीने विरोध केलेला विषय दोन-तृतीयांश मतांनी पास करणं फार कठीण.

माइकवर लोक एकच विचारतात: माझ्या बिलात किती वाढ होणार? सरासरी घराला वर्षाला किती पडेल तो आकडा तयार ठेवा, आणि निधी आधीच जमलेला असेल तर कर वाढणार नाही हे स्पष्ट सांगा. जमीन राखल्याने गावाचा काय खर्च वाचतो, हेही सांगता येतं. चार्ल्स नदीचं उदाहरण मला सगळ्यांत दमदार वाटतं. पूर आवरायला धरण आणि भिंती बांधण्याऐवजी आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सने, म्हणजे अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाने, नदीच्या वरच्या आणि मधल्या भागातल्या सुमारे ८,००० एकर पाणथळ जमिनी राखल्या, काही विकत घेऊन, काहींवर कायमचे हक्क मिळवून. पावसाचं पाणी आधी तिथे पसरतं आणि मग सावकाश खाली येतं.

एक मुद्दा मात्र वापरू नका. ‘घरं झाली की मुलं येतील आणि शाळांचा खर्च वाढेल’ हे वाक्य या सभांमध्ये हमखास ऐकू येतं. शाळांसाठीच या गावात आलेल्या आपल्यासारख्या कुटुंबांनी तर ते मुळीच बोलू नये. राज्यात घरांची टंचाई खरी आहे आणि मोकळ्या जागेच्या नावाखाली लोकांना बाहेर ठेवणं हा अन्याय आहे. एकाच जमिनीवर रस्त्याकडेला परवडणारी घरं आणि मागे राखलेलं रान अशी योजना करता येते, आणि दोन्हींचे समर्थक एकत्र आले की मतंही मिळतात.

मत द्यायला जाताना शेजाऱ्यांना गाडीत घेऊन जा. खुल्या टाउन मीटिंगला मतदारांचा छोटासा भागच येतो, त्यामुळे दहा-वीस माणसांनी निकाल फिरतो.

आठवी पायरी: खतातले शब्द आणि नंतरची देखभाल

मंजुरी मिळाली की सगळे घरी जातात, आणि नेमकी इथेच चूक राहून जाते. जमीन ‘गावाच्या सर्वसाधारण कामांसाठी’ घेतली असं खतात लिहिलं गेलं, तर उद्या तिथे गोदाम होऊ शकतं. ती संवर्धनासाठी आहे आणि कॉन्झर्वेशन कमिशनच्या ताब्यात व व्यवस्थापनाखाली आहे, असं वॉरंटच्या ठरावात आणि खतात दोन्हीकडे हवं. मग राज्यघटनेतल्या १९७२ च्या ‘आर्टिकल ९७’चं संरक्षण मिळतं: वापर बदलायचा तर विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतं लागतात. २०२२ च्या कायद्याने त्यात बदली जमीन देण्याची अटही घातली आहे.

पहिल्या वर्षात हद्दीच्या खुणा लावा, चार-सहा गाड्या उभ्या राहतील एवढी जागा करा, वाटेचा नकाशा लावा आणि गोचिडीपासून सावध राहण्याची सूचनाही. लाइम रोग इथे घरोघरी माहीत आहे. वर्षातून एकदा कमिशनने पूर्ण हद्द चालून पाहावी, शक्यतो पानं गळल्यावर. शेजारच्या घराची हिरवळ हळूहळू आत सरकलेली असते, कुणी गवताचा ढीग टाकलेला असतो, कुणी शेड उभी केलेली असते. पहिल्या वर्षी गोड बोलून हे मिटतं, दहाव्या वर्षी वकील लागतो. बिटरस्वीटच्या वेलींनी झाडं गुदमरायला लागली असतील तर तेव्हाच छाटा. यासाठी स्वयंसेवक लागतात, कारण कम्युनिटी प्रिझर्वेशनचा पैसा देखभालीवर खर्च करता येत नाही.

आणखी एक तपासा. त्या पैशातून घेतलेल्या जमिनीवर कायमचं कॉन्झर्वेशन रिस्ट्रिक्शन नोंदवणं कायद्याने बंधनकारक आहे आणि ते गावाखेरीज दुसऱ्या संस्थेकडे, बहुधा लँड ट्रस्टकडे, द्यावं लागतं. मसुदा, राज्याची मंजुरी, सह्या यांत हे घोंगडं वर्षानुवर्षं भिजत पडू शकतं. तुमच्या गावाने आजवर अशा किती जमिनी घेतल्या आणि त्यांतल्या किती जमिनींचं रिस्ट्रिक्शन रजिस्ट्रीत नोंदवलं गेलं आहे, हे कॉन्झर्वेशन कमिशनच्या पुढच्या बैठकीत विचारा.